घरच्या घरी आर्गन वेल्डिंग : एस.एस.चा जोड काळा का पडतो?

पाथर्डीकर (प्रश्न)

नमस्कार. मी पाथर्डी फाट्याजवळ रो-हाउसमध्ये राहतो. नोकरी हिशेबाच्या कामाची असली तरी गेली चार वर्षे सुटीच्या दिवशी रॉड वेल्डिंग करून घरापुरते लोखंडी काम मी करत आलो आहे. कुंड्यांचे स्टँड, मागच्या दाराची जाळी आणि शेजाऱ्यांच्या झोपाळ्याची चौकट ही त्यातली धड उभी राहिलेली कामे. आता गच्चीवर एका द्राक्षवेलासाठी १.५ मिलिमीटर जाडीच्या एस.एस. (स्टेनलेस स्टील) चौकोनी पाइपचा लहानसा मांडव करायचा आहे आणि त्यासाठी टिग, म्हणजे आपल्याकडे ज्याला सरसकट आर्गन वेल्डिंग म्हणतात, ते शिकायचे ठरवले.

मशीन २०० अँपिअरचे, फक्त डी.सी. देणारे इन्व्हर्टर आहे, त्याला एच.एफ. स्टार्ट (धातूला न टेकवता आर्क पेटवणे) आणि पोस्ट-फ्लोची (आर्क विझल्यावरही थोडा वेळ वायू चालू राहणे) सोय आहे. टॉर्चमधले टंगस्टन, म्हणजे जिच्या टोकाशी आर्क पेटते ती कांडी, १.६ मिलिमीटरचे, लाल टोकाचे. टॉर्चच्या तोंडाचा कप ६ नंबरचा. फ्लोमीटर मिनिटाला ८ लिटरवर ठेवतो. वायूचा बाटला १० लिटरचा आहे. तीन रविवार सराव करूनही जोड काळा, खडबडीत आणि हाताने खरवडला तर भुरभुरणारा येतो, टंगस्टनचे टोक दोन मिनिटांत काळवंडते आणि मग आर्क एका जागी न राहता इकडेतिकडे पळते. फिलर (जोडात वितळवून भरायची धातूची कांडी) देताना डावा हात थरथरतो हे मला मान्य आहे, पण दोष तेवढाच आहे का? शिवाय बाटला इतक्या लवकर संपत आला आहे की गळती असावी अशी शंका येते. घरातल्या वीजजोडणीवर हे काम चालवणे योग्य आहे का, हेही जाणकारांनी सांगावे.

अंबडचा फॅब्रिकेटर

वर्णन वाचून मला तरी हा हाताचा दोष वाटत नाही. हात चुकला की जोड वेडावाकडा येतो, कुठे जाड आणि कुठे बारीक होतो, पण त्याची चमक जात नाही. काळा आणि भुरभुरणारा जोड याचा अर्थ वितळलेल्या धातूला प्राणवायू मिळतो आहे, असा घ्यावा. रॉड वेल्डिंगमध्ये कांडीवरचा लेप जळून वायूही तयार होतो आणि स्लॅगही, त्यामुळे थोडा गंज, थोडा वारा त्यात खपून जातो; टिगमध्ये मात्र आर्गनच्या त्या पातळ पांघरुणाशिवाय धातूला झाकणारे दुसरे काहीही नाही. चार वर्षे रॉड मारलेल्या माणसाला हीच सवय सर्वांत जास्त नडते, कारण हात तयार असतो आणि स्वच्छतेची शिस्त नसते.

प्रथम टॉर्च निगेटिव्हला आणि अर्थ क्लॅम्प पॉझिटिव्हला आहे ना, ते पाहावे. उलटे असते तर टंगस्टनचे टोक वितळून त्याचा गोळा झाला असता. तुम्ही तसे लिहिलेले नाही, म्हणून जोडणी बरोबर असावी असे धरतो.

त्यानंतर फिलर बाजूला ठेवून एक चाचणी करावी. एस.एस.चा २ मिलिमीटरचा तुकडा एसीटोनने पुसून घ्यावा, टंगस्टनला नवी धार करावी, ६० अँपिअरवर आर्क पेटवून टॉर्च तीन सेकंद एकाच जागी धरावी, आणि आर्क विझल्यावर वायू थांबेपर्यंत ती तिथून मुळीच हलवू नये. पोस्ट-फ्लोचा ढोबळ हिशेब दर १० अँपिअरला एक सेकंद असा आहे, म्हणजे इथे सहा सेकंद. ठिपका चांदीसारखा आणि भोवती सोनेरी कडे असेल, टंगस्टनही चकचकीत राहिले असेल, तर वायू ठीक आहे आणि दोष सरावाचा आहे. तो ठिपकाच राखाडी-काळा पडला, तर तुमच्या थरथरत्या डाव्या हाताचा त्यात काही संबंध नाही. मग संशयित तीनच राहतात : अंगावर लावलेला पंखा, टॉर्चच्या मागच्या टोपीच्या ओ-रिंगपासून रेग्युलेटरपर्यंत कुठेतरी सैल असलेला सांधा, किंवा बाटल्यातला वायू. सांधे साबणाच्या पाण्याने तपासावेत.

गळतीची शंका दूर करायला साधा गुणाकार पुरतो. १० लिटरचा बाटला १५० बारपर्यंत भरलेला असेल तर त्यात सुमारे १५०० लिटर वायू असतो, आणि मिनिटाला ८ लिटर या दराने तो जेमतेम तीन तास पुरतो. तीन रविवारांत तो संपत आला असेल तर त्यात नवल काहीच नाही. आमच्याकडचा ४७ लिटरचा बाटलाही साधारण चौदा-पंधरा तासांचाच असतो.

निवृत्त शिल्प निदेशक

वरील चाचणी मी वर्गात पहिल्याच दिवशी करून घेत असे, आणि ती करून पाहण्याआधी पुढचा सराव करू नये हे माझेही मत आहे. चुकीच्या वायूवर शंभर जोड मारले तरी हाताला त्यातून काही शिकायला मिळत नाही.

वायू बरोबर निघाला की सरावाचा क्रम साधा आहे. पहिले काही तास फिलर हातात घेऊच नये. सपाट पत्र्यावर नुसते वितळलेल्या धातूचे डबके तयार करून ते एका सरळ रेषेत, एकाच रुंदीने पुढे न्यावे. आर्कची लांबी टंगस्टनच्या व्यासाएवढी, म्हणजे तुमच्या बाबतीत दीड मिलिमीटरच्या आसपास असावी. टॉर्च उभ्या रेषेपासून १५ अंश मागे कललेली असावी. नवशिका आर्क लांब धरतो, कारण टंगस्टन डबक्यात बुडण्याची त्याला भीती वाटते. ते बुडेलच, सगळ्यांचे बुडते. बुडाले की तिथेच थांबून नव्याने धार करावी; मळलेल्या टोकाने ‘एवढी एक ओळ पूर्ण करतो’ असे म्हणणारा विद्यार्थी मी कधी पुढे गेलेला पाहिला नाही. धार करताना घासल्याच्या रेषा टंगस्टनच्या लांबीला समांतर याव्यात, आडव्या नव्हेत, आणि निमुळत्या भागाची लांबी व्यासाच्या दोन ते अडीच पट ठेवावी.

डाव्या हाताचा इलाज मात्र मशीन बंद असतानाच करायचा असतो. हातमोजा घालून फिलर बोटांत धरावा आणि अंगठ्याने तो इंच इंच पुढे सरकवत राहावे. बातम्या ऐकता ऐकता रोज अर्धा तास हे केले, तर पंधरवड्यात फरक जाणवतो. जोड मारताना फिलर आर्कमध्ये न धरता डबक्याच्या पुढच्या कडेला टेकवावा, आणि मागे घेताना त्याचे तापलेले टोक आर्गनच्या छायेबाहेर काढू नये, अन्यथा तेच टोक हवेत काळे पडून पुढच्या थेंबाबरोबर जोडात उतरते. कोपर टेबलावर टेकलेले असावे. उभे राहून, हात अधांतरी ठेवून मारण्याची हौस नंतर भागवता येते.

सराव लोखंडावर करावा, ते स्वस्त पडते, असे अनेक जण सांगतात. मी उलट सांगेन. लोखंडावरचा काळा पापुद्रा आधी घासून काढावा लागतो, आणि तो न काढल्यामुळे होणारे दोष नवशिक्याला आपल्या हाताचे वाटतात. एस.एस. स्वतःच्या रंगाने बोलते : फिकट सोनेरी म्हणजे उत्तम, निळा म्हणजे उष्णता वाढत चालली, राखाडी म्हणजे करंट जास्त, वेग कमी किंवा वायू अपुरा. असा परीक्षक फुकट मिळत असताना तो सोडू नये. फक्त लोखंडाला वापरलेला ब्रश किंवा फ्लॅप डिस्क एस.एस.ला लावू नये; लोखंडाचे कण त्यात रुततात आणि महिन्याभरात गंजाचे ठिपके दिसू लागतात.

आणखी एक गोष्ट, जी मी कधीही वगळत नाही. पुसण्यासाठी ब्रेक क्लीनर वापरू नये. क्लोरीनयुक्त द्रावणाचा अंश आर्कच्या उष्णतेत आणि किरणांत आला तर फॉस्जीनसारखा विषारी वायू तयार होतो.

सातपूरचा वायरमन

वीजजोडणीपुरते लिहितो. टिगमध्ये आर्कचा दाब कमी असतो. ८० अँपिअरला तो साधारण १३ व्होल्ट धरतात, म्हणजे आर्कला लागतात सुमारे १०५० वॅट. त्याच ८० अँपिअरला रॉड वेल्डिंगमध्ये २३ व्होल्ट, म्हणजे १८५० वॅटच्या आसपास लागतात. मशीनमधली घट धरूनही तुमच्या पत्र्याचे काम दोन किलोवॅटच्या गीझरपेक्षा जास्त ओढणार नाही. १६ अँपिअरचा स्वतंत्र सॉकेट, २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि खरोखर काम करणारे अर्थिंग एवढे असावे. एक्स्टेंशन वापरल्यास त्याचे वेटोळे पूर्ण उलगडावे. मशीनवर २०० अँपिअर लिहिले आहे म्हणून ते घरात २०० वर चालवून पाहण्याचा मोह मात्र टाळावा. घरात कोणाला पेसमेकर बसवलेला असेल तर त्या व्यक्तीला एच.एफ. मशीनपासून दूर ठेवावे.

पाथर्डीकर

सर्वांचे आभार. काल सकाळी पंखा बंद करून आणि सगळे सांधे साबणाच्या पाण्याने तपासून चाचणी केली. एकही बुडबुडा आला नाही, तरी ठिपका काळा पडला आणि टंगस्टनचे टोक जळाल्यासारखे झाले, त्यावर पिवळसर पूडही दिसली. मग बाटल्यावरचे लेबल प्रथमच नीट वाचले. तो शुद्ध आर्गन नसून आर्गन आणि कार्बन डायऑक्साइडचे मिश्रण निघाले. दुकानात मी ‘वेल्डिंगचा आर्गन’ एवढेच म्हटले होते, त्यांनी जो बाटला जास्त खपतो तो दिला. त्यांनी विचारायला हवे होते, आणि मी वाचायला हवे होते.

आज बाटला बदलून आणला, तीच चाचणी केली, आणि ठिपका आरशासारखा आला. तीन रविवार मी स्वतःच्या हाताला दोष देत होतो.

अंबडचा फॅब्रिकेटर

मिक्स गॅस मिग मशीनसाठी असतो. तिथे तार वितळून जोडात जाण्यासाठीच असते, म्हणून थोडा कार्बन डायऑक्साइड चालतो. टिगमध्ये टंगस्टन टिकणे अपेक्षित असते, आणि कार्बन डायऑक्साइड आर्कमध्ये फुटून जो प्राणवायू सुटतो तो तापलेल्या टंगस्टनला जाळतो. तुम्ही पाहिलेली पिवळसर पूड ही टंगस्टनच्या ऑक्साइडची.

आता मांडवाच्या पाइपबद्दल. बाजारात रेलिंगसाठी मिळणारा स्वस्त पाइप बहुधा २०२ ग्रेडचा असतो, आणि तो उघड्या गच्चीवर नाशिकच्या दोन पावसाळ्यांत तपकिरी डाग दाखवू लागतो. ३०४ मागून घ्यावा. चुंबक लावून हा फरक कळत नाही, कारण दोन्ही जवळजवळ सारखेच वागतात. त्यासाठी मँगनीज ओळखणारे थेंबाचे द्रावण मिळते, ते दुकानातच टाकून पाहावे. फिलर ३०८एल घ्यावा, १.६ मिलिमीटरचा. दीड मिलिमीटरच्या भिंतीला ४५ ते ५५ अँपिअर पुरतात.

लाल टोकाच्या टंगस्टनबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. त्यात थोरियम असते आणि ते किरणोत्सारी आहे. आर्क छान पेटते, आम्हीही वर्षानुवर्षे वापरले, पण धार करताना उडणारी धूळ छातीत जाऊ नये. घरात मुले असतील तर निळ्या टोकाचे लँथनमचे टंगस्टन घ्यावे; कामात मला तरी फरक जाणवत नाही.

निवृत्त शिल्प निदेशक

मला फरक जाणवतो, आणि तो लँथनमच्या बाजूने. एवढी पुस्ती जोडून थांबतो.

दिंडोरी रोडवरून

मी काही वर्षे वायनरीच्या एस.एस. टाक्या आणि पाइपलाइनच्या उभारणीवर देखरेख केली आहे. पाथर्डीकरदादांच्या कामाला तितकी काटेकोरी लागणार नाही, तरी एक मुद्दा सुटला आहे असे वाटते. जोडाची बाहेरची बाजू आर्गनने झाकली जाते, पण वितळणे आरपार गेले तर आतल्या बाजूला हवाच असते, आणि तिथे साखरेच्या खड्यांसारखा दाणेदार काळा थर धरतो. वाइन, दूध किंवा औषध वाहणाऱ्या नळीत त्या दाण्यांत जंतू घर करतात, म्हणून नळीची दोन्ही टोके बंद करून आतही आर्गन सोडतात. त्याला पर्जिंग म्हणतात, आणि आतील हवा पुरेशी निघून जाईपर्यंत कोणीही आर्क पेटवत नाही.

मांडवाच्या चौकोनी पाइपला हे करायचे नसेल तर वितळणे आरपार जाऊ न देणे हाच उपाय, म्हणजे करंट कमी आणि टाके (तात्पुरते धरून ठेवणारे छोटे जोड) लहान ठेवावेत. पाइपची उघडी टोके शेवटी टोपीने बंद करताना मात्र एक बारीक भोक ठेवावे, नाहीतर आतली तापलेली हवा शेवटच्या सेंटिमीटरला डबके फोडून बाहेर येते आणि तुम्ही पुन्हा आपल्या हाताला दोष देत बसाल.

डोळ्यांबद्दलही लिहिते. टिगमध्ये धूर आणि ठिणग्या नसल्यामुळे ती सौम्य वाटते, पण उघडी, स्वच्छ आर्क अतिनील किरण जास्तच फेकते. १० नंबरची काच, गळ्यापर्यंत बटणे लावलेला सुती पूर्ण बाह्यांचा शर्ट, आणि शेजारच्या गच्चीवरून कोणी पाहत असेल तर मध्ये पडदा असावा. आर्क लागल्याचे तेव्हा कळत नाही. रात्री डोळ्यांत वाळू भरल्यासारखे होते तेव्हा कळते. त्यावर बटाट्याच्या चकत्या ठेवत बसण्यापेक्षा डॉक्टरांकडे जावे.

पाथर्डीकर

ताई, भोकाची सूचना मला सुचली नसती. ३०४चा पाइप आणि निळ्या टोकाचे टंगस्टन उद्या घेतो. पुढे ॲल्युमिनियमही याच मशीनवर जमेल का?

अंबडचा फॅब्रिकेटर

नाही. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते, पण त्यावरचा ऑक्साइडचा पापुद्रा २००० अंशांच्या वर तग धरतो, आणि तो फोडायला ए.सी. करंट लागतो. तुमचे मशीन फक्त डी.सी. आहे. मांडव आधी होऊ द्या. टाके मारून झाले की पूर्ण जोड मारण्याआधी काटकोन दोन्ही कर्णांनी मोजून घ्या, कारण एस.एस. लोखंडापेक्षा जास्त ओढले जाते. जोड समोरासमोरच्या कोपऱ्यांत आलटूनपालटून मारा, आणि पहिल्या कोपऱ्याचा फोटो इथे टाका, रंग पाहून करंट सांगतो.