पुण्याचं ठरलेलं असताना ऐनवेळी कराडला आलो, मन लागत नाहीये

लातूरचा_पोरगा:

नमस्कार, पहिल्यांदाच धागा काढतोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

मी लातूरचा. बारावीनंतर इंजिनिअरिंगला पुण्यात जायचं हे अकरावीपासूनच ठरलेलं, आम्ही तिघं एकाच क्लासचे मित्र, तिघांनी मिळून रूम बघून ठेवलेली, दहा हजार टोकन देऊन झालेलं आणि खिडकीजवळची गादी कोणाची इथपर्यंत बोलणं झालेलं. दुसऱ्या राउंडला पुण्यातलं एक खाजगी कॉलेज कॉम्प्युटरला लागलं. मी बेटरमेंट ठेवलं, म्हणजे ती सीट हातात ठेवून पुढच्या राउंडला अजून चांगलं मिळतंय का बघायचं, कारण सगळेच ठेवतात. तिसऱ्या राउंडचा ऑप्शन फॉर्म भरताना बाबा शेजारी बसले होते, म्हणाले सरकारी कॉलेजं वर टाक, टाकायला काय जातंय. म्हणून कराडचं गव्हर्नमेंट कॉलेज, इलेक्ट्रिकल, ४ नंबरला टाकलं आणि नेमकं तेच लागलं. पहिल्या सहा पसंतींतलं असल्यामुळे ऑटो फ्रीझ, म्हणजे तीच सीट पक्की, पुण्याची सीट गेली.

तरी पुण्याच्या त्याच कॉलेजात इन्स्टिट्यूट लेव्हलला, म्हणजे कॉलेज स्वतः भरतं त्या जागांमधून, जागा मिळत होती. बाबा पतसंस्थेतून कर्ज काढायला तयार होते, फॉर्मपण आणला होता. रात्री पाणी प्यायला उठलो तर ते कॅलेंडरच्या फाडलेल्या पानाच्या कोऱ्या बाजूला चार वर्षांचा हिशेब मांडत बसलेले, मला बघून पान घडी करून खिशात घातलं आणि म्हणाले झोप येईना गेलती म्हणून बसलो. सकाळी मीच म्हणालो कराडला जातो. दोन दिवसांत बॅग भरून निघालो, नीट कोणाला भेटलोसुद्धा नाही.

आता साडेतीन आठवडे झाले. आलो तेव्हा लेक्चर्स सुरू झालेले, पहिली दोन प्रॅक्टिकल बुडाली. मेसमध्ये एकाला सहज आमच्याकडच्या भाषेत "काय करलालाव" (काय करताय) म्हणालो तर टेबलावरचे सगळे हसले, वाईट हेतूने नाही हे मला कळतं पण तेव्हापासून मी बोलणंच कमी केलंय. महालक्ष्म्यांना घरी जाता आलं नाही, आईने व्हिडिओ कॉलवर मुखवटे दाखवले, इथली पोरं गौरी म्हणतात. मित्र ग्रुपवर रूमचे फोटो टाकतात ते उघडावंसं वाटत नाही. टोकनचे पैसे घरमालक देत नाही ते वेगळंच. घरी सगळं छान चाललंय म्हणून सांगतो.

कोणी असं ऐनवेळी बदललंय का? मन लागतं का नंतर? की सोडून पुढच्या वर्षी परत सीईटी देऊ?

विद्यानगर_१०:

अरे मी २०१० च्या बॅचचा, त्याच कॉलेजचा. परभणीहून आलेलो. मला पुण्याचं सरकारी कॉलेज, सीओईपी, हवं होतं, थोडक्यात हुकलं आणि पहिले दोन महिने मी ट्रंकेतले कपडे कपाटात लावलेच नाहीत, रोज सकाळी ट्रंक उघडायची, शर्ट काढायचा, परत कुलूप. मनात होतं की आपण इथे थांबणार नाही. रूममेट सांगोल्याचा होता, एका रविवारी मी आंघोळीला गेलेलो असताना त्याने माझं सगळं सामान काढून कपाटात लावून टाकलं आणि ट्रंक कॉटखाली ढकलली. मी चिडलो त्याच्यावर. पण त्या दिवसानंतर ट्रंकेकडे बघणं सुटलं हे खरं. तुझी बॅग कुठंय?

बोलणं मात्र कमी करू नकोस. त्या टेबलावर कोण "करायलाईस" म्हणणारा असेल, कोण "व्हय की" म्हणणारा असेल, खानदेशातला एखादा नक्की असेल. त्याला त्याच्या भाषेतलं विचार. आमच्या विंगमध्ये चौथ्या वर्षापर्यंत कोल्हापूरची पोरं "करलालाव" म्हणत होती आणि मी "लय भारी" शिवाय बोलत नव्हतो.

आणि इलेक्ट्रिकल मिळालंय तर एक सांगतो. तुझ्या कॉलेजपासून दीडेक तासावर कोयनानगर आहे. १,९६० मेगावॅटचा प्रकल्प, पोफळीचं वीजगृह डोंगराच्या पोटात आहे. आम्ही सेकंड इयरला असताना, एप्रिल २०१२ मध्ये, तिथे दुसरं लेक टॅपिंग झालं, म्हणजे धरण रिकामं न करता जलाशयाच्या तळाशी स्फोट करून पाणी बोगद्यात घेतलं. दोन दिवस हॉस्टेलला दुसरा विषय नव्हता. मी मेकॅनिकलचा असून त्या आठवड्यात माझी नजर बदलली. डिपार्टमेंटची व्हिजिट निघाली की पहिलं नाव तुझं दे.

सरळ_बोलतो:

मी थोडं वेगळं बोलतो. वरचे दादा म्हणतात ते ठीक, पण मुलाला कॉम्प्युटरच हवं असेल तर भावनेच्या भरात "सरकारी ते सरकारी" म्हणून गप्प बसवू नका त्याला. तुला कोडिंग खरंच आवडतं का, की तिघं मित्र घेतायत म्हणून घेणार होतास? हे स्वतःला विचार. खरंच आवडत असेल तर इलेक्ट्रिकलला राहूनही संध्याकाळी करता येतं, माझ्या टीममध्ये निम्मे लोक इलेक्ट्रिकल आणि ईएनटीसीवाले (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉमचे) आहेत. पण वर्ष सोडण्याचा निर्णय चौथ्या आठवड्यात घेऊ नकोस, निदान पहिली सेमिस्टर होऊ दे. मी घेतला होता, पाचव्या आठवड्यात. पुढच्या वर्षी पर्सेंटाइल कमी आला आणि आधीपेक्षा लांबचं कॉलेज लागलं.

टोकनबद्दल: पैसे दिल्याचा यूपीआयचा स्क्रीनशॉट असेल तर मालकाला व्हॉट्सॲपवर लेखी माग, फोनवर नको. तिसरा मुलगा तुमच्या मित्रांनी आणून दिला तर मालकाचं काही नुकसानच नाही, मग त्या मुलाकडूनच तुझा हिस्सा घ्यायचा. हे मित्रांना सांगायला लाजू नकोस.

अजून एक, महाडीबीटीचा (सरकारी स्कॉलरशिपच्या पोर्टलचा) फॉर्म भरलास का? आधी पुण्याच्या कॉलेजचं नाव टाकून ठेवलं असेल तर ते बदल. आणि घरची शेती अल्पभूधारकात बसत असेल तर पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता बघ, पुष्कळ पोरांना माहीतच नसतो. तलाठ्याचा उत्पन्नाचा दाखला आणि तहसीलचं सर्टिफिकेट गावाकडून मागवायला वेळ जातो, आजच घरी फोन कर.

ठाण्याची_आई:

बाळा, तुझा धागा वाचून राहवलं नाही. माझी लेक बरोबर उलट्या दिशेने गेली, ठाण्यातून परभणीला, व्हेटरनरीला. एमबीबीएसच्या राउंडमध्ये काही लागलं नाही आणि परभणीचं लागलं तेव्हा रिपोर्टिंगला दोन दिवस उरलेले. नकाशात गाव बघितलं आणि मायलेकी दोघी रडलो.

माझी चूक सांगते. मी दिवसातून तीनदा व्हिडिओ कॉल करायचे. जेवलीस का, रडलीस का, येतेस का. तीही मग मला रडूनच दाखवायची. तिच्या बाबांनी शेवटी मला रागावून सांगितलं की तिला तिथे राहू दे की जरा. मग फोन रात्री एकच केला. एक दिवस तिचाच पहाटे फोन आला, माझ्या पोटात गोळा, तर म्हणते आई मी आज फार्मवर म्हशीची धार काढली, पहिल्यांदा दूध आलंच नाही, मग एका मावशींनी अंगठा कसा दुमडायचा ते दाखवलं. आता सुट्टीत येते तर "कामून" म्हणते, आम्ही हसतो, तिला काही वाटत नाही.

तू मात्र घरी छान चाललंय म्हणून सांगू नकोस रे. बाबांना त्या हिशेबाचं पान तुला दिसलं हे कळलेलं असणार. त्यांना खरं सांग की आई-बाबा मला करमत नाही. तेवढ्याने ते तुला परत बोलावणार नाहीत, उलट त्यांचीही झोप लागेल.

लातूरचा_पोरगा:

सगळ्यांचे मनापासून आभार. उशिरा लिहितोय, युनिट टेस्ट होती.

दादा, बॅग दाराजवळच होती. काल लावलं सामान. काकू, बाबांना फोन केला, दोन मिनिटं कोणीच बोललं नाही, मग ते म्हणाले मलाबी करमत नाही रे. बराच वेळ बोललो मग. महाडीबीटीला पुण्याचंच नाव होतं, बदलून घेतलं.

रविवारी रूममेट मला प्रीतिसंगमावर घेऊन गेला, यशवंतराव चव्हाणांच्या समाधीपाशी. कृष्णा आणि कोयना समोरासमोरून येऊन मिळतात ते बघत बसलो होतो. तो सहज म्हणाला की हेच पाणी पुढं सांगली-मिरजेला जातं. मी गप्पच झालो. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणलं तेव्हा मी तिसरीत होतो, आमच्या गल्लीत टँकर आला की आई घागर घेऊन पळायची आणि मला हंडा धरून रांगेत उभं करायची, जागा जाऊ नये म्हणून. ते पाणी ह्या नदीचं होतं. रूममेटला हे सगळं सांगितलं, एवढं सलग मी इथे आल्यापासून पहिल्यांदाच बोललो, आणि आमच्याकडच्या भाषेतच बोललो. तो हसला नाही. त्याने विचारलं एक टँकर किती घरांना पुरायचा.

टोकनचं अजून झालेलं नाही. मित्र तिसरा मुलगा शोधतायत. वर्ष सोडायचं सध्या मनात नाही, सेमिस्टरनंतर बघू.

दिवाळीला घरी जायला कसं जमेल? येताना सोलापूरहून गाड्या बदलत आलो, पूर्ण दिवस गेला.

विद्यानगर_१०:

रेल्वेने जा. कराडहून मिरज, मिरजेहून पंढरपूर-कुर्डुवाडीमार्गे लातूर. पाण्याची गाडी गेली तोच रूळ. थेट गाडी रोज नसते, वार बघ आणि तिकीट आत्ताच काढ, दिवाळीत वेटिंग लागतं.