मदत हवी आहे: माऊसचं बाजूचं बटण चुकून दाबलं जातं आणि लिहिलेलं सगळं जातं

नमस्कार. बडोद्याहून, दांडिया बाजारातून लिहितेय. प्रश्न बाबांसाठी आहे.

बाबा ७६ वर्षांचे. आठवणी लिहितात, त्याही थेट ब्राउझरमधल्या चौकटीत. त्यांच्या माऊसला अंगठ्यापाशी दोन बारीक बटणं आहेत. अंगठा थरथरतो, मागचं बटण दाबलं जातं आणि ब्राउझर आधीच्या पानावर जातो. मंगळवारी मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीबद्दल लिहीत होते. १९१० साली सयाजीरावांनी सुरू केलेली ती लायब्ररी, तिथल्या काचेच्या जमिनीवर लहानपणी ते पाय जपून टाकायचे. दीड तासाचं लिखाण गेलं. बाबा काही बोलले नाहीत, चष्मा काढून नुसते बसून राहिले. मला ते बघवलं नाही.

आणखी एक, चाक दाबलं गेलं की मधेच कुठलातरी जुना शब्द आपोआप उमटतो.

कॉम्प्युटरची सिस्टिम लिनक्स मिंट आहे, ब्राउझर फायरफॉक्स. सिस्टिमच्या माऊस सेटिंगमध्ये या बटणांचं काही सापडलं नाही. चिकटपट्टी लावली तर बटण दाबलेलंच राहिलं. माऊस बदलायचा नाहीये, हाच त्यांच्या हातात नीट बसतो.

उत्तर १
ताई, हे फायरफॉक्समध्येच बंद होतं. पत्त्याच्या जागी इंग्रजीत अबाउट:कॉन्फिग लिहा, धोक्याची सूचना येईल, ती मान्य करा. मग माउसबटन शोधा. माउसबटन.४टीएच.इनेबल्ड म्हणजे मागे, ५टीएच म्हणजे पुढे. ओळीवर दोनदा क्लिक करून दोन्ही फॉल्स, म्हणजे बंद, करा.

शब्द उमटतो तो लिनक्समुळे. नुसता निवडलेला मजकूरही लक्षात राहतो आणि चाक दाबलं की चिकटतो. मिडलमाउस.पेस्ट फॉल्स करा. कंट्रोल-सी, कंट्रोल-व्ही नेहमीसारखं चालेल.

तरी बाबांना आधी टेक्स्ट एडिटरमध्ये लिहायला आणि मधूनमधून सेव्ह करायला सांगाच. वीज गेली तर सेटिंग काय करणार?

धागाकर्ती
झालं! बाबांनी स्वतः ते बटण दहा वेळा दाबून पाहिलं, पान जागचं हललं नाही. चाकाचंही थांबलं. फक्त चाकानं दुवा नव्या टॅबमध्ये उघडायची त्यांना सवय आहे, ते बंद नाही ना होणार?

उत्तर १
नाही, ते वेगळं सेटिंग आहे. त्याला हात लावू नका.

धागाकर्ती
मनापासून आभार. लायब्ररीचं पान पुन्हा लिहायला बसलेत, या वेळी एडिटरमध्ये.