एचएसए (अमेरिकेतलं करमुक्त आरोग्य बचत खातं) : आजारपणात वापरायचं की म्हातारपणासाठी राखायचं?

एडिसनची सून :
मागच्या महिन्यात मुलगा सॉकर खेळताना पडला, मनगट मोडलं. एक्स-रे, प्लास्टर, इमर्जन्सीत तीन तास. डिडक्टिबल, म्हणजे विमा पैसे देण्याआधी आपण भरायचा वाटा, अजून भरायचं होतं, त्यामुळे २,३०० डॉलर आमच्याच गळ्यात. एचएसएत ११ हजार पडून आहेत. मी त्याचं कार्ड काढलं तर नवरा म्हणतो, हात लावू नकोस, बँकेतून भर आणि पावती ठेव. आजारपणाचे पैसे आजारपणात नाही वापरायचे तर काय लोणचं घालायचं?

पावतीबहाद्दर :
लोणचंच घाला, मुरेल तेवढं चांगलं! भरताना कर नाही, वाढताना नाही, औषधपाण्यासाठी काढताना नाही. खातं उघडल्यानंतरचा खर्च असला की पैसे परत घ्यायला मुदत नाही, आजचे २,३०० वीस वर्षांनी काढा. तोवर खात्यातच शेअर बाजाराच्या इंडेक्स फंडात ठेवा. ६५ नंतर इतर कशासाठी काढले तरी फक्त इन्कम टॅक्स, त्याआधी मात्र वर २० टक्के दंड. कुटुंबासाठी २०२६ ची मर्यादा ८,७५० आहे, पूर्ण भरा.

सासवडकर :
वीस वर्षं पावत्या सांभाळणार कोण? मी बुटांच्या खोक्यात ठेवल्या होत्या. परवा उघडलं तर फार्मसीच्या निम्म्या पावत्या कोऱ्या, शाई उडालेली. वर माझ्याच अक्षरात 'धाकट्याचा कान', खाली पांढरा कागद. शिवाय ताई, क्रेडिट कार्डावर उधारी असेल तर आधी ती बघा. तिचं व्याज तुमच्या फंडाला धाप लागेपर्यंत पळवेल. आणि उद्या आपण गेलो तर? नवरा-बायकोला खातं तसंच मिळतं. मुलांकडे गेलं तर अख्खी रक्कम त्यांचं त्या वर्षीचं उत्पन्न धरतात.

पावतीबहाद्दर :
अहो, फोनवर स्कॅन करा की. बुटांचं खोकं ही काय तिजोरी आहे?

जर्सीचा हिशेबनीस :
दोघंही एक विसरताय. न्यू जर्सी राज्य एचएसए मानत नाही, कॅलिफोर्नियाही नाही. भरलेल्या रकमेवर राज्याचा कर, व्याज आणि डिव्हिडंडवरही दर वर्षी. म्हणजे आपल्याकडे ही तिहेरी सूट थोडी लंगडीच. पगारातून कापून घेतलं तर सोशल सिक्युरिटी-मेडिकेअरचे (म्हातारपणच्या पेन्शन-उपचारांसाठी पगारातून जाणाऱ्या कराचे) ७.६५ टक्के वाचतात, ते मात्र सोडू नका.

ठाण्याचा जावई :
मधेच विचारतो. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन पुण्यात आहे. यातून भरता येईल?

जर्सीचा हिशेबनीस :
नाही. भारतात राहणारे, भारताचेच नागरिक असलेले आईवडील तुम्ही पोसत असलात तरी इथल्या कायद्यात 'डिपेन्डन्ट' बसत नाहीत. कर आणि दंड दोन्ही लागेल. डिसेंबरच्या सुट्टीत पुण्यात स्वतःचं रूट कॅनाल करून आलात तर ते चालतं. विमानाचं तिकीट त्यात घुसवू नका म्हणजे झालं.

सासवडकर :
म्हणजे ज्यांच्यासाठी जीव तुटतो त्यांनाच उपयोग नाही. आणि म्हणे राखून ठेवा.

एडिसनची सून :
हॉस्पिटलच्या बिलिंगला फोन केला, बिनव्याजी बारा हप्ते करून दिले. ते बँकेतून जातील, नवरा खूष. काल प्लास्टर काढायचे १४० डॉलर मात्र मी एचएसए कार्डाने भरले. खातं जॉइंट निघत नाही, माझ्या एकटीच्या नावावर आहे. त्याला अजून कळलेलं नाही.