प्रतिसाद: उजेड वरूनच का यावा?

‘देव माणसांत राहतो’ हे चित्रात दाखवण्यासाठी आकाशातून उतरणारा प्रकाशझोत पुरेसा आहे, असे या चर्चेत आधी म्हटले गेले आहे. मला ते पटत नाही, कारण असा झोत देवाला पुन्हा वरच ठेवतो. बायबलमधील योहानाच्या शुभवर्तमानात (1:14) देवाच्या शब्दाने माणसांत ‘वस्ती केली’ या अर्थाने जे ग्रीक क्रियापद आले आहे, त्याचा मूळ अर्थ ‘तंबू ठोकला’ असा असून तो बायबलच्या ‘निर्गम’ या पुस्तकातील निवासमंडपाची, म्हणजे इस्राएल लोकांमध्ये देवाच्या वस्तीसाठी उभारलेल्या तंबूची, आठवण करून देतो. त्या मंडपाच्या पडद्यांसाठी निळे, जांभळे व किरमिजी सूत सांगितले आहे. म्हणजे चित्रकाराला रंगसंगती जवळजवळ तयारच मिळते, आणि सोनेरी रंगाचा सोपा मोह टाळता येतो.

पुनरुत्थित ख्रिस्ताने अम्माऊस गावी भाकरी मोडली तेव्हा दोन शिष्यांनी त्याला ओळखले. इटालियन चित्रकार काराव्हाज्योने 1601 मध्ये रंगवलेल्या या भोजनाच्या चित्रात ख्रिस्ताभोवती प्रभावळ नाही. फळांची टोपली मात्र टेबलाच्या कडेवर अशी टेकली आहे की ती आपल्याच अंगावर पडेल असे वाटते, आणि पाहणारा नकळत त्या पंक्तीत ओढला जातो. डच चित्रकार रेम्ब्रांटच्या याच प्रसंगावरील 1648 च्या चित्रात मंद तेज आहे खरे, पण वाढणाऱ्या नोकराला त्याचा पत्ताही नाही. मला तो नोकर शिष्यांहून अधिक महत्त्वाचा वाटतो.

म्हणून सुचवावेसे वाटते की क्षितिजरेषा बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवावी, उजेड भाकरीच्या पातळीवर आणावा आणि टेबलाची आपल्याकडील बाजू मोकळी सोडावी.