मदत हवी आहे : चर्चच्या जमिनीवर परवडणारी घरे

नमस्कार. कॅलिफोर्नियात सॅन होजे येथील आमच्या लहानशा चर्चमागे मोठी पार्किंगची जागा आहे. रविवारची उपासना सोडली, तर तेथे आठवडाभर एखाददुसरीच गाडी दिसते. आमच्या गायनवृंदातील एका ज्येष्ठ भगिनींना घरभाडे झेपेना म्हणून शहर सोडावे लागले, तेव्हापासून ही जमीन घरांसाठी वापरावी, असे मंडळीच्या मनाने घेतले आहे.

राज्याच्या २०२३ च्या एसबी ४ कायद्यामुळे, १ जानेवारी २०२४ पर्यंत धार्मिक संस्थेच्या मालकीच्या झालेल्या जमिनीवर, ठरलेल्या अटी पाळल्यास, झोनिंग (कोणत्या जमिनीवर काय बांधता येईल याचे स्थानिक नियम) न बदलता परवडणारी घरे बांधता येतात; भाड्याची घरे ५५ वर्षे परवडणारीच ठेवावी लागतात, आणि ही अट मला अगदी रास्त वाटते.

जमीन विकायची नाही, हे नक्की. ना-नफा तत्त्वावरील विकसकाला ती दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यावी, असा विचार आहे. मात्र आमच्यापैकी कोणालाही बांधकामाचा अनुभव नाही. अशा करारावर कोणी काम केले आहे का? मुदत संपल्यावर इमारत कोणाकडे जावी, आणि बांधकामाचे कर्ज थकल्यास जमिनीला धोका पोहोचू नये म्हणून करारात कोणते कलम घालावे, हे कृपया सविस्तर सांगावे.