मदत हवी आहे: जुनी डिझेल पिकअप चालता चालता बंद पडते, थोड्या वेळाने आपोआप सुरू होते

ओतूरकर_८४
नमस्कार मंडळी. गाडी डीआय पिकअप, २००९ चं मॉडेल, दोन वर्षांपूर्वी जुनी घेतली. चालता चालता इंजिन बंद पडतं. थोडा वेळ थांबलं की काही झालंच नाही अशी सुरू होते. इंजिनाचा डिझेल पंप आणि नोझल करून आणले, डिझेल फिल्टर नवा टाकला, बॅटरी नवी आहे. आता गॅरेजवाला म्हणतो पंप परत खोलावा लागेल. त्याने सांगितलेला आकडा घरी सांगण्यासारखा नाही. टोमॅटोचा तोडा चालू आहे, गाडी उभी ठेवून चालणार नाही. कुणाला माहीत असेल तर लवकर सांगा. आणि कृपा करून "विकून टाका" एवढं सांगू नका.

डिझेलदादा_सांगली
एअर घेतेय, म्हणजे डिझेलच्या लाइनमध्ये हवा शिरतेय. फिल्टरच्या डोक्यावरचे आणि पंपावरचे तांब्याचे वायसर (वॉशर) सगळे बदला, जुने परत वापरू नका. माझ्या गाडीला हेच झालं होतं, वायसर बदलले आणि प्रश्न मिटला. पंपाला हात लावू नका.

शिवनेरी_ट्रान्सपोर्ट
दादा, तुम्ही अर्धीच गोष्ट सांगितली. डिझेल पंप कुठल्या प्रकारचा, रोटरी की इनलाइन? की कॉमन रेल, म्हणजे कॉम्प्युटरवाली? बंद पडते ती चावी फिरवल्यासारखी झटक्यात, की आचके देत? बंद पडताना धूर काय रंगाचा? गाडी भरलेली असते की रिकामी? एवढं कळल्याशिवाय कुणीही काहीही सांगेल.

नितीन_पनवेल
१५ वर्षं होऊन गेली. अशा गाडीवर खर्च म्हणजे पाण्यात पैसे. तसंही १० वर्षांवरच्या डिझेल गाड्या बंदच होणार आहेत.

शिवनेरी_ट्रान्सपोर्ट
नितीनभाऊ, १० वर्षांचा नियम दिल्ली-एनसीआरचा आहे. २०१५ साली हरित लवादाने आदेश दिला आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. आपल्याकडे मालवाहू गाडीला आठ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस सर्टिफिकेट लागतं, ते मिळालं की गाडी चालते. हा माणूस अडचणीत आहे, त्याला भीती घालू नका.

ओतूरकर_८४
रोटरी पंप. कॉम्प्युटर वगैरे काही नाही. ओतूरहून माळशेज उतरून कल्याण मार्केटला माल जातो. भरलेली गाडी जाताना कधीच बंद पडली नाही, हेच कळत नाही. येताना रिकामे क्रेट घेऊन वर चढताना पडते. टोकावडे, मोरोशी सोडलं की धाकधूक सुरू. झटक्यात नाही, आधी ओढ कमी होते, अ‍ॅक्सिलरेटर दाबला तरी उचलत नाही, दोन-चार आचके आणि बंद. धूर रात्री कसा दिसणार?

वायरमन_बार्शी
माझ्या मते सोलेनॉइड. रोटरी पंपावर डिझेल तोडणारं सोलेनॉइड असतं, त्याला चावीकडून १२ व्होल्ट मिळत असतील तोवरच डिझेल पुढे जातं. जुन्या गाड्यांत चावीचा स्विच झिजतो, नाहीतर तिथली वायर इंजिनाच्या हादऱ्याने आतून तुटते आणि वरून रबर चांगलं दिसतं. गाडी तापली की संपर्क सुटतो, थंड झाली की जुळतो. सोलेनॉइडच्या वायरवरून एक जोड ओढून केबिनमध्ये छोटा बल्ब लावा. बंद पडताना बल्ब विझला तर वायरिंग, पेटलेला राहिला तर डिझेल. दहा रुपयांचं काम आहे.

डिझेलदादा_सांगली
आचके देत बंद पडते म्हटलंय ना त्यांनी? सोलेनॉइड गेलं की आचके नसतात, चावी काढल्यासारखं होतं. एअरच आहे.

वायरमन_बार्शी
वायर अर्धी तुटलेली असेल तर आचके येतात. मी डोळ्यांनी बघितलंय. बल्ब लावून बघायला काय हरकत आहे?

निवृत्त_अभियंता
मूळ कारणाकडे कुणी जात नाही. ही गाडी आली तेव्हा देशातल्या बहुतेक भागांत बीएस-३ (धूर आणि इंधनाचे सरकारी निकष) सुद्धा यायचं होतं. डिझेलमधलं गंधक बीएस-३ मध्ये ३५० पीपीएम (दहा लाखात ३५० भाग), बीएस-४ मध्ये ५०, आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मध्ये १० पीपीएम. गंधक काढण्याच्या प्रक्रियेत इंधनाचे इतरही गुण बदलतात. जुने नायट्राइल रबराचे सील आधीच्या डिझेलमध्ये फुगून बसलेले असतात, ते नव्या डिझेलमध्ये आकसतात आणि पंप हवा घेऊ लागतो. अमेरिकेत १९९३ साली कमी गंधकाचं डिझेल आलं तेव्हा जुन्या पंपांच्या गळतीच्या अशाच तक्रारी झाल्या होत्या. पंपात व्हायटन रबराचे सील टाकून घ्या.

शिवनेरी_ट्रान्सपोर्ट
काका, माहिती बरोबर आहे, पण पंप नुकताच खोलून आणलाय, म्हणजे सील नवेच असणार. आणि सील आकसले असते तर सकाळी पहिल्या सेल्फलाही त्रास झाला असता.

दादा, एक महत्त्वाचं. घाटात इंजिन बंद पडलं की ब्रेकचा व्हॅक्यूम संपायला दोन-तीन दाब पुरतात, मग पाय कितीही दाबा, पेडल दगडासारखं. चढावर बंद पडली तर पहिल्याच दाबात पक्की थांबवा, हँडब्रेक ओढा, गियर टाका, चाकामागे दगड लावा. ब्रेक सोडत सोडत मागे घ्यायचा प्रयत्न करू नका. माळशेजला धुक्यात मागची गाडी दहा फुटांवर आल्याशिवाय दिसत नाही.

पंपवाली_वैशाली_सातारा
आमचं पंप-नोझलचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. ओतूरकर दादा, तीन गोष्टी सांगा.
बंद पडते तेव्हा टाकीत डिझेल किती असतं?
फिल्टरच्या डोक्यावर हाताने दाबायचं बटण आहे ना, बंद पडल्या पडल्या ते दाबलंत तर काय होतं?
आणि पंप करून आणल्यावर किती दिवस बरी चालली?

ओतूरकर_८४
ताई, डिझेल असतंच की. निघताना आळेफाट्याला भरतो, येईपर्यंत पाव टाकीच्या आसपास उरतं. काटा कधी लाल रेघेला लागू देत नाही.
बटण दाबलं की खालीच बसतं. हळूहळू वर येतं. मला वाटलं बटणच खराब आहे, म्हणून सांगितलं नाही.
पंप केल्यावर आठवडाभर मस्त चालली. तसं गॅरेजवाला दर वेळी फिल्टरकडचा पाइप काढून कंप्रेसरने टाकीकडे हवा मारतो, त्यानंतर चार-सहा दिवस काही त्रास नसतो.

पंपवाली_वैशाली_सातारा
हे पहिल्याच प्रतिसादात हवं होतं दादा, अर्धं उत्तर यातच आहे.

लाइन हवा घेत असती तर बटण पोकळ लागलं असतं, दाबत राहिलात तरी घट्ट झालं नसतं. तुमचं बटण खाली चिकटून राहतं, म्हणजे त्याला मागून डिझेल मिळत नाही. टाकी आणि फिल्टरच्या मध्ये काहीतरी अडलंय. शहाळ्याच्या नळीच्या तोंडाशी मलईचा तुकडा आला की ओढून ओढून गाल आत जातात आणि पाणी येत नाही, तसा प्रकार. ओढणं थांबलं की तुकडा सुटतो, म्हणून थांबल्यावर गाडी सुरू होते.

जाताना का होत नाही? टाकी भरलेली असते आणि घाट उतरायचा असतो, इंजिन डिझेल मागतच नाही. येताना टाकी खाली आणि पाय पूर्ण दाबलेला. चढावर उरलेलं डिझेल टाकीच्या एका बाजूला सरकतं आणि तळाचा कचरा त्याच्याबरोबर.

तरी लगेच टाकी उतरवू नका. आधी झाकण बघा. बंद पडली की डिझेलचं झाकण उघडा. सूऽऽ करून हवा आत गेली तर झाकणाचं श्वासाचं भोक बुजलंय. तेवढ्यावर भागलं तर चांगलंच.

तसं नसेल तर कॅनची परीक्षा. स्वच्छ कॅनमध्ये गाळलेलं डिझेल घ्या. फिल्टरकडे येणारा टाकीचा पाइप काढून त्याच्या जागी नवी पारदर्शक नळी लावा, तिचं टोक कॅनच्या तळापर्यंत सोडा. रिटर्नचा, म्हणजे उरलेलं डिझेल टाकीत परत नेणारा पाइपही कॅनमध्येच सोडा, नाहीतर कॅनमधलं डिझेल टाकीत जाऊन कॅन बघता बघता रिकामा होईल. कॅन केबिनमध्ये ठेवू नका, सायलेन्सरजवळ नको, मागे हौद्यात पुढच्या कोपऱ्याला घट्ट बांधा. ज्या चढावर बंद पडते तोच चढ दिवसा चढून बघा. बंद पडली नाही तर पंप निर्दोष. नळीत बुडबुडे दिसले तर सांगलीच्या दादांचं म्हणणं खरं.

डिझेलदादा_सांगली
पटलं, पण एवढा खटाटोप कशाला? टाकीत पाइपाच्या तोंडाशी असलेली जाळी काढून फेकून द्यायची. आमच्याकडे निम्म्या गाड्यांना जाळी नाही. फिल्टर आहे ना पुढे.

पंपवाली_वैशाली_सातारा
दादा, जाळी काढलेल्या गाड्यांचेच पंप आमच्या बेंचवर येतात. जाळी काढली की तोच कचरा पाइपात शिरतो आणि फिल्टर महिन्याभरात तुंबतो. त्यात फिल्टर हलका घेतलेला असला की बारीक कण पुढे जातात. पंपातल्या भागांना डिझेलशिवाय दुसरं वंगण नाही, तिथे चरा पडला की पंप गेला. हे मी कुणाला करू देणार नाही.

कांदा_उत्पादक_लासलगाव
माझा ट्रॅक्टर सकाळी पांढरा धूर सोडतो आणि दोन मिनिटांनी बंद होतो. नोझल असेल का?

निवृत्त_अभियंता
पेट्रोल पंपावरच्या भेसळीचाही विचार व्हावा. रॉकेल मिसळलं की डिझेलचा वंगणपणा जातो.

शिवनेरी_ट्रान्सपोर्ट
लासलगावकर, वेगळा धागा काढा, इथे हरवून जाईल. आणि हिवाळ्यात होतं की बारमाही, तेही लिहा.

ओतूरकर_८४
मंडळी, करून बघितलं. बार्शीच्या भाऊंचा बल्बही लावला होता.

आधी झाकण. घाटात बंद पडल्यावर उघडलं, आवाज काही आला नाही. बल्ब पेटलेलाच होता. मग पोराला घेऊन दुपारी कॅन बांधून गेलो, वैशालीताईंनी सांगितलं तसं. मोरोशीपासून बोगदा, पुढे खुबीपर्यंत गाडी एकदाही अडली नाही. नळीत एकही बुडबुडा नाही.

मग टाकी उतरवली. तळाला गंजाचा चिखल होता, तो अपेक्षित होता. त्याखाली पॉलिथिनचा तळहाताएवढा तुकडा सापडला, मऊ पडलेला, पिवळट, मधोमध जाळीच्या आकाराचा गोल डाग. डिझेलच्या कॅनचं झाकण गळू नये म्हणून खाली पिशवीचा तुकडा लावतात ना, तोच. आम्ही कॅनने डिझेल कधी भरलं नाही, म्हणजे तो गाडीबरोबरच आलेला दिसतो. पोराने पाण्याच्या बादलीत नळी धरून तोंडाने ओढून दाखवलं, तुकडा जाऊन बसला की काही येत नाही, सोडलं की तरंगत बाजूला.

टाकी धुऊन वाळवली, जाळी नवी टाकली. त्यानंतर पाव टाकीवर भरपूर वेळा घाट चढलो, अडचण नाही.

वायरमन_बार्शी
बल्ब राहू द्या, पुढे कामाला येईल.

डिझेलदादा_सांगली
छान झालं. तरी वायसर बदलून घ्याच.

पंपवाली_वैशाली_सातारा
बरं वाटलं दादा. धुतलेल्या टाकीतूनही राहिलेला गंज सुटत राहतो. म्हणून आत्ताचा फिल्टर त्याच्या मुदतीपर्यंत थांबवू नका, पुढच्या आठवड्यात बदला, आणि काढलेला कापून आतला कागद बघा. लालसर भुकटी दिसली तर टाकी एकदा परत धुवावी लागेल. फिल्टरखालचा पाण्याचा बोल्ट पावसाळ्यात दर आठवड्याला सैल करून पाणी सोडा. आणि दुसऱ्यांदा पंप खोलण्याचे पैसे आधी दिले असतील तर ते परत मागा.

ओतूरकर_८४
ताई, पैसे दिले नव्हते. फिल्टर आणून ठेवलाय, रविवारी मार्केट बंद असतं तेव्हा बदलतो आणि जुन्याच्या कागदाचा फोटो इथेच टाकतो.