दूध रस्त्यावर ओतणं: निषेध की अन्नाचा अपमान?

कोथरूडकर
दूधदराचं आंदोलन म्हटलं की दृश्य ठरलेलं. टँकर अडवायचा, कॉक सोडायचा, डांबरावर पांढरा लोट आणि समोर चार कॅमेरे. जून २०१७ च्या शेतकरी संपात हे पाहिलं, जुलै २०१८ मध्ये ‘स्वाभिमानी’ शेतकरी संघटनेच्या आंदोलनात पुन्हा. मागणी रास्तच आहे. पण मेळघाटात पोरं कुपोषणाने जात असताना दूध गटारात घालणं पटत नाही. त्यापेक्षा मार्च २०१८ चा किसान लाँग मार्च आठवा. नाशिकहून चालत आलेले हजारो लोक, तळपायांची सालटी निघालेली, तरी दहावीच्या मुलांचा पेपर चुकू नये म्हणून त्यांनी रातोरात आझाद मैदान गाठलं. मुंबईकर पाणी, बिस्किटं घेऊन रस्त्यावर उतरले. माणसं आपलीशी करायची तर अशी.

तिसरी_धार
साहेब, तूर घरात ठेवता येते, कांदा चाळीत राहतो. गाय संपावर जात नाही. सकाळ-संध्याकाळ धार काढावीच लागते, नाहीतर कास सुजते. डेअरी बंद, मग दूध ठेवायचं कुठे? आम्ही पहिल्या दिवशी खवा आटवला. दुसऱ्या दिवशी शाळेत आणि वस्तीवर वाटलं, त्याचं शूटिंग करायला कुणी आलं नाही. तिसऱ्या दिवशी ओतलं. आईने आधी कॅनला हात लावून नमस्कार केला आणि आत निघून गेली. अन्नाचा मान काय असतो ते तिला टीव्हीसमोर बसून कुणी सांगू नये. हातात लिटरला १७-१८ रुपये पडत होते तेव्हा. पेंडीचं पोतंसुद्धा सुटत नव्हतं त्यात.

घाटरस्ता
स्वतःच्या कॅनमधलं ओतलंत, तुमचा हक्क आहे. पण टँकरमधलं दूध कुणाचं? पाच-पंचवीस गावांचं. माझा भाऊ टँकर चालवतो. पोरांनी काच फोडली, दूध सोडलं, वर त्यालाच विचारलं, “तू शेतकऱ्याचा पोरगा ना?” होय, शेतकऱ्याचाच. आमचंही दूध त्याच टँकरमध्ये होतं.

आकडेमोड्या
अपमान झाला की नाही यावर भांडत बसण्यापेक्षा पदरात काय पडलं ते बघा. २०१७ च्या संपानंतर सरकारने गायीच्या दुधाचा खरेदीदर २४ वरून २७ केला. कागदावर. खासगी डेअऱ्यांनी तो कधी मनावर घेतला नाही, आणि दूध पावडरचे भाव कोसळल्यावर वर्षभरात दर १७ वर आला. २०१८ ला चार दिवसांच्या आंदोलनानंतर २५ रुपये कबूल झाले. म्हणजे कागदावरच्या जुन्या दरापेक्षा दोन कमीच, तरी गुलाल उधळला! २०२० मध्ये आंदोलकांनी दगडाला दुग्धाभिषेक घातला. २०२४ च्या सुरुवातीला लिटरमागे ५ रुपये अनुदान, पण जनावराच्या कानात बिल्ला हवा आणि ऑनलाइन नोंदही हवी.
आणि कोथरूडकर, तुमच्या लाँग मार्चचंही तेच. वनहक्कांसाठी, कर्जमाफीसाठी त्याच लोकांना फेब्रुवारी २०१९ मध्ये पुन्हा नाशिकहून निघावं लागलं, मार्च २०२३ मध्ये पुन्हा. मुंबईने बिस्किटं दिली, वनपट्टे, म्हणजे कसत असलेल्या वनजमिनीचे कागद, सरकारने द्यायचे होते.

कोथरूडकर
म्हणजे दोन्हीकडून हाती फारसं काही नाही. मग नासाडी तरी का? उलट तो दगडाचा अभिषेक मला आवडला. तांब्याभर दूध आणि टोला नेमका बसला: सरकार दगड आहे. त्यात कुणाचा टँकर फुटत नाही, कुणाची काच जात नाही.

घाटरस्ता
याला माझा पाठिंबा. निदान भाऊ धड घरी येईल.

तिसरी_धार
टँकर फोडणाऱ्यांची बाजू मी घेतलेली नाही, घेणारही नाही. घाटरस्ता, तुमच्या भावाला त्रास झाला तो चूकच. पण कोथरूडकर, अभिषेक इतका आवडला तर धागा त्याच्यावर का नाही काढलात? २०२० चं नाव आकडेमोड्यांनी काढेपर्यंत तुमच्या लिहिण्यात ते कुठेच नव्हतं. शाळेत वाटलेलं दूधही नव्हतं. लक्षात राहिला तो डांबरावरचा लोट. आता सांगा, पुढच्या वेळी आमच्यातल्या तरण्या पोरांना मी काय तोंडाने सांगू, की तांब्याभरावर भागवा?